टॉवेल, अभ्रा आणि तिसरीचा वर्ग

टॉवेलाकडे मी आता पूर्वीच्या निर्मळ नजरेने पाहू शकत नाही. अंघोळीनंतर अंग पुसायला हात पुढे केला की आधी मनात येतं, हा समाधानी की असमाधानी? घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना यात हसण्यासारखं पुष्कळ दिसतं. मला दिसत नाही. तीस वर्षं ज्याने आकड्याला आकडा म्हटलं, त्या माणसाची अब्रू दोरीवर चिमटा लावून वाळत घातली गेली, तर त्याने हसावं अशी अपेक्षा करणंच मुळात क्रूरपणाचं आहे.

साथीचं वर्ष होतं. शाळा बंद, कार्यालयं बंद, फक्त परिपत्रकं चालू. मी शिक्षण कार्यालयाच्या आकडेवारी विभागात. एका मंगळवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

"घरबसल्या करायचं काम आहे," साहेब म्हणाले. "ऑनलाइन शिक्षणाविषयी पालकांना काय वाटतं ते मोजायचं. प्रत्येकाने आपापल्या वसाहतीत. तुमच्याकडे तिसरीचा वर्ग आलाय."

"साहेब, तिसरीच्या वर्गाच्या बाई म्हणजे माझीच पत्नी."

"मग उत्तमच. बाहेर कुठे जायलाच नको."

परिपत्रक वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्याहून जास्त पालक असमाधानी निघाले तर तो वर्ग 'तूर्त स्थगित' करायचा आणि मुलांना स्वाध्यायपत्रिका द्यायच्या, असं त्यात होतं. पुढे आणखी सात-आठ कलमं होती, पण तिथवर जाण्याची माझ्यात ताकद उरली नव्हती. माझी बायको त्या वर्षअखेर निवृत्त होणार होती. चौतीस वर्षांच्या नोकरीतला हा तिचा शेवटचा वर्ग. दुसऱ्या खोलीत कपड्यांच्या कपाटाला फळा टेकवून, पुठ्ठ्याचं घड्याळ आणि दोऱ्यात ओवलेली बटणं घेऊन ती रोज सकाळी दहाला फोनसमोर अशी बसायची की जणू समोर खरीच मुलं आहेत.

तिला परिपत्रक दाखवलं. तिने चष्मा लावून पहिली दोन कलमं वाचली, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "मोजा की. काय असेल ते असेल." मग भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता, "शेवटचा वर्ग अर्धवट सुटू नये एवढंच वाटतं. बाकी काही नाही." 'बाकी काही नाही' असं बायको म्हणते तेव्हा किती बाकी असतं, हे मोजायला आमच्या विभागाकडे अजून तरी साधन नाही.

आमच्या वसाहतीच्या दोन इमारती समोरासमोर आहेत, मध्ये अंगण. शाळा वसाहतीचीच. तिसरीची मुलं बत्तीस, म्हणजे बत्तीस घरं. एका वर्षी आमच्याकडे सगळ्यांना एकदमच मुलं झाली होती. त्याचं कारण आकडेवारी विभागालाही सापडलेलं नाही.

पहिला प्रयत्न मी आधुनिक पद्धतीने केला. पाच प्रश्नांचा अर्ज फोनवर तयार करून वसाहतीच्या गटात टाकला. दोन दिवसांत प्रतिसाद जबरदस्त आला. एकोणीस जोडलेले हात, चार अंगठे आणि गुलाबाच्या फुलासह एक शुभ सकाळ. भरलेला अर्ज मात्र एकच. तो होता हरकतनानांचा.

हरकतनाना आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. जन्म न्यायालयातल्या कारकुनीत गेला. निवृत्त झाले, पण न्यायालय त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. जगात काहीही सुरू झालं की "माझी एक हरकत आहे," असं म्हणून ते बोट वर करतात. त्यांची नात तिसरीत, आणि तिचे आई-वडील दोघेही दवाखान्यात ड्यूटीवर असल्यामुळे पालक म्हणून नानाच. त्यांनी अर्जात नावाच्या जागी हरकत क्रमांक एक, पत्त्याच्या जागी हरकत क्रमांक दोन लिहिली होती आणि 'आपण समाधानी आहात का?' यापुढे लिहिलं होतं, 'प्रश्न सूचक आहे.'

"काका, लोकांना लिहायला लावू नका," समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर गॅलरीतून ओरडले. दवाखाना बंद असल्यामुळे ते दिवसभर गॅलरीतच असायचे आणि सल्ल्यांचा साठा त्यांच्याकडे मुबलक होता. "लोक लिहीत नाहीत. लोकांना तोंड उघडायला लावा. आमचा धंदाच आहे तो."

मला पटलं. घरोघर जायला बंदी, पण अंगणात उभं राहून विचारायला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क, हातात कागद लावलेली फळी, कानावर पेन अशा थाटात मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. वेळ निवडली सकाळी सव्वादहाची. त्या वेळी मुलं वर्गात असतात, म्हणजे पालक मोकळे, असा माझा हिशेब होता. आता सांगताना तो हिशेब कुठे चुकला ते शेंबड्या पोरालाही कळेल. तेव्हा मला कळलं नाही.

"दुसरा मजला, शिवणवाल्या काकू!" मी पुकारा केला. "ऑनलाइन शिक्षणाबाबत आपण अत्यंत समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी की अत्यंत असमाधानी?"

काकूंनी शिलाई मशीन थांबवलं. "पुन्हा सांगा हो, तिसरं काय म्हणालात?"

"सांगता येत नाही!"

"अहो, तुम्हालाच सांगता येत नाही तर मी काय सांगणार?"

मी पुन्हा पाचही पर्याय ओरडून सांगितले. तोवर दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कित्येक महिन्यांत वसाहतीत फुकटची करमणूक अशी झालीच नव्हती. काकू म्हणाल्या, "असमाधानी लिहा. पोराचे डोळे गेले." लगेच शेजारची म्हणाली, आमचीची मानही गेली. समोरच्या इमारतीला हे कसं खपणार? तिथून डोळे, मान आणि पाठ असा तिहेरी आजार आला. चौथ्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनींनी मुलाची भूक गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो मागे उभा राहून काहीतरी खात होता. डॉक्टर म्हणाले, ऑनलाइनमुळे दात किडतात. कसे, असं विचारल्यावर म्हणाले, तो सविस्तर विषय आहे.

"थोडक्यात सांगा," मी घसा ताणून ओरडलो, "या वर्गाचा काही उपयोग होतो का?"

"काडीचा नाही!" दोन्ही इमारती एका सुरात गरजल्या.

आणि ते वाक्य बत्तीस घरांतल्या बत्तीस चालू फोनांमधून आत शिरलं, आणि एकाच फोनमधून बाहेर पडलं. आमच्या दुसऱ्या खोलीतल्या. मला खालून ऐकू आलं. आधी बायकोचा आवाज, "सात त्रिक एकवीस, सात चोक..." मग बत्तीस जणांच्या घुमलेल्या आवाजात "काडीचा नाही, डीचा नाही, नाही, नाही."

बायको गॅलरीत आली. हातात पुठ्ठ्याचं घड्याळ. तिने खाली माझ्याकडे पाहिलं, समोर पाहिलं, वर पाहिलं.

"अत्यंत समाधानी!" डॉक्टरांनी घाईघाईने जाहीर केलं. "काका, माझं अत्यंत समाधानी लिहा." त्यांच्यामागून शिवणवाल्या काकू समाधानी झाल्या, वहिनी समाधानी झाल्या, दोन मिनिटांत अख्खी वसाहत समाधानाने न्हाऊन निघाली. मी भराभर खुणा करत होतो. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून बोट वर झालं.

"माझी एक हरकत आहे. बाईंच्या देखत घेतलेलं मत हे दडपणाखालचं मत. ग्राह्य धरता येणार नाही."

नाना बरोबर बोलले होते, हीच तर त्यांची खोड. मी फळीवरचा कागद फाडला. त्या दिवशी दुपारी ताटात पोळी पडली, भाजी पडली, पण शब्द एकही पडला नाही.

संध्याकाळी मला फोन येऊ लागले. फोनवर लोक वेगळंच बोलतात. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, वर्ग बंद नका करू हो. तेवढाच एक तास मला बँकेचं काम सुचतं." शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "सगळे म्हणाले म्हणून मी म्हटलं, डोळ्यांचं नका लिहू." डॉक्टरांनी तर फोन तोंडाशी धरून कुजबुजत कबूल केलं की ते स्वतः मुलाच्या मागे, फोनमध्ये दिसणार नाही अशा बेताने, रोज खाली बसतात. "मला लहानपणी भागाकार कधी कळलाच नाही, काका. बाईंनी बटणांवर शिकवला तेव्हा पहिल्यांदा उजेड पडला. हे बायकोला सांगू नका."

म्हणजे लोकांची मतं दोन. एक गॅलरीतलं, एक खरं. खरं हवं तर मतदान गुप्त हवं. आणि गुप्त मतदानाची अशी एक अफलातून योजना माझ्या डोक्यात आली, की त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

योजना अशी. शनिवारी सकाळी आठ ते नऊ या वेळात प्रत्येक घराने गॅलरीच्या दोरीवर एकच वस्तू वाळत घालायची, टॉवेल किंवा उशीचा अभ्रा. एक म्हणजे समाधानी, दुसरी म्हणजे असमाधानी. मी अंगणातून मोजणार. कोणाला भेटायला नको, कागदाला हात लावायला नको.

"हरकत," नाना म्हणाले. "टॉवेल म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं की गुप्तता कुठे राहिली?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. प्रत्येक घराची खूण वेगळी! कोणाकडे टॉवेल म्हणजे समाधानी, कोणाकडे अभ्रा म्हणजे समाधानी. कोणाचं काय ते त्या घराला आणि मला. बाहेरच्याने बत्तीस दोऱ्या बघितल्या तरी त्याला ताकास तूर लागायची नाही. नानांनी वर केलेलं बोट खाली घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत मला बढतीच्या वेळीसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

बत्तीस चिठ्ठ्या तयार केल्या. सरकारी कागदाची पाठ कोरी सोडणं मला आयुष्यात जमलेलं नाही. साहेबांनी परिपत्रकाच्या प्रती उगाचच पन्नास पाठवल्या होत्या. त्यांच्या कोऱ्या बाजूला मी प्रत्येक घराची खूण लिहिली, घडी घातली, डिंकाने चिकटवली आणि शुक्रवारी दुपारी प्रत्येक गॅलरीतून दोरीने सोडलेल्या पिशवीत टाकली. पिशव्या वर गेल्या आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

"भाऊजी, आमच्याकडे अभ्रा पांढरा नाही, फुलाफुलांचा आहे. चालेल का?" चालेल. "काका, आमचे टॉवेल जरा विरलेले आहेत, चारचौघांत लावायला बरं दिसत नाही. नवा आणू का?" दुकानं बंद होती. शिवणवाल्या काकूंनी तासाभरात चार घरांना अभ्रे शिवून दिले, त्यातल्या एकाला झालर होती, ती बघून तिसऱ्या मजल्याने झालरीची मागणी केली. एकाने विचारलं, सांगता येत नाही असं असेल तर रुमाल लावू का? मी त्याला म्हटलं, लोकशाहीत रुमाल नसतो.

शनिवार उजाडला. आठ वाजता मी वही घेऊन अंगणात हजर. वहीत दोन रकाने आखलेले. डावा समाधानी, उजवा असमाधानी. बरोबर खुणांची यादी. दोऱ्या भराभर भरत होत्या. दृश्य असं होतं की कोणा परक्याला वाटावं, ही वसाहत फार स्वच्छ लोकांची आहे.

अपवाद दोनच. डॉक्टरांच्या गॅलरीत बावीस टॉवेल. दवाखान्यातले सगळे त्यांच्या सौभाग्यवतींनी त्याच दिवशी धुवायला काढले होते, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एक अभ्राही दिसत होता. ते मत बाद. नानांच्या दोरीवर टॉवेल नव्हता, अभ्राही नव्हता. चिमट्याला एक कागद लटकत होता. दुर्बिणीशिवायही मला त्यावरचा पहिला शब्द वाचता आला.

उरलेली तीस मतं मी नोंदली. उजवा रकाना, उजवा रकाना, पुन्हा उजवा रकाना. डाव्या रकान्यात एक खूण नाही. तीसच्या तीस असमाधानी.

मी तीनदा मोजलं. वही उलटी धरून मोजलं. मग घरी येऊन दहा वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. शनिवारीही वर्ग असायचा. बंद दारामागून बायकोचा आवाज येत होता, "माझा आवाज येतोय ना सगळ्यांना? येतोय? हात हलवून सांगा बरं." परवा संध्याकाळी फोनवर गळे काढणारी हीच माणसं! मला इतका राग आला, आणि रागाच्या मागोमाग इतकं वाईट वाटलं, की मला चहासुद्धा सुचेना. दाराआडची बाई सातचा पाढा अशी रंगवून सांगत होती, जणू तो तिला आजच सापडलाय. तिला हे सांगायचं कसं?

आणि मग माझं लक्ष रकान्यांच्या मथळ्यांकडे गेलं. 

मी अप्रामाणिक माणूस नाही. कार्यालयाची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. तीस नोंदींपैकी एकीलाही मी हात लावला नाही, हे इथे स्पष्ट करतो. डाव्या रकान्यावर 'समाधानी' लिहिलं होतं, उजव्यावर 'असमाधानी'. मी फक्त ते दोन शब्द खोडून एकमेकांच्या जागी लिहिले. खुणांची यादी माझ्याशिवाय कोणाकडेच नव्हती. ती मी बारीक फाडली आणि झाडाच्या कुंडीत पुरली. अहवाल साहेबांना फोनवर पाठवला. तीस समाधानी, एक बाद, एक हरकत.

साहेब बेहद्द खूश झाले. "चौऱ्याण्णव टक्के! इतकी समाधानी माणसं आपल्या विभागाला कधी सापडलीच नव्हती!" त्यांनी तो आकडा शाळेला कळवला, शाळेने दुपारी पालकांच्या गटात टाकला, आणि खाली पेढ्यांची, फुग्यांची चित्रं. बायकोने फोन डोळ्यांजवळ नेऊन ते दोनदा वाचलं. "खरंच?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आकडा म्हणजे आकडा." तिने त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्यासाठी न मागता चहा टाकला. तो मी नजर चुकवून प्यायलो.

संध्याकाळी पाच वाजता मी गॅलरीत असताना हाक आली. हाक कसली, आरोळीच.

"काका! ओ काका! तुम्हाला मोजता येत नाही का?"

दुसऱ्या मजल्यावरची चिमटी होती. खरं नाव वेगळं, पण इवलीशी आहे आणि बोलली की चिमटा बसतो, म्हणून चिमटी. शिवणवाल्या काकूंची मुलगी. स्टुलावर चढून गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकून उभी होती.

"चौऱ्याण्णव टक्के हो कसं?" ती ओरडली. "आम्ही तर सगळ्यांनी नको लावलं होतं!"

"कोणी लावलं होतं?" काकू आतून बाहेर आल्या. "तुला मी टॉवेल लाव म्हणून सांगितलं ना?"

"मी अभ्रा लावला."

"आमचा टॉवेल म्हणजे नको होतं!" समोरून एक पोरगा ओरडला. "आमचा अभ्रा म्हणजे नको!" वरून दुसरा. क्षणात बत्तीस गॅलऱ्यांतून पोरं आपापली गुप्त खूण उघड्यावर ओरडू लागली, आणि पहिल्या मजल्यावर हरकतनाना चष्मा लावून सगळं क्रमवार लिहून घेऊ लागले. मी कुंडीत पुरलेली यादी त्यांच्या वहीत अक्षरशः पुन्हा उगवत होती.

मग आयांचा गलका झाला. घरोघरी टॉवेल-अभ्रा लावायचं काम आयांनी मुलांना सांगितलं होतं. कारण उघड होतं, सकाळची आठची वेळ. त्यात माझी एवढी मोठी योजना नापास झाली. "अगं, मला वर्ग हवा होता!" वहिनी म्हणाल्या. "मलाही!" काकू म्हणाल्या. "बंद झाला तर माझ्या भागाकाराचं काय?" डॉक्टर मोठ्याने बोलून गेले, आणि त्यांच्या बायकोने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढे आठवडाभर गॅलरीत पाऊल ठेवलं नाही.

आमच्या दाराचा आवाज झाला. बायको माझ्या शेजारी गॅलरीत येऊन उभी राहिली. गलका थांबला.

"कोणाकोणाला वर्ग नको होता?" तिने विचारलं. शाळेतल्याच आवाजात.

एक हात वर झाला. मग दुसरा. मग सगळे. नानांची नातसुद्धा आजोबांच्या मागून हात वर करून उभी. माझ्या बायकोने कठडा धरला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. चौतीस वर्षांत वर्गातून कधी कोणी रागावून निघून गेलं नव्हतं, असं ती नेहमी सांगायची, आणि आज सगळा वर्गच्या वर्ग हात वर करून तिला नको म्हणत होता. त्यातही मी खोटं बोलून चहा प्यायलो होतो.

"का गं?" तिने चिमटीला विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"अहो बाई," चिमटी वैतागून म्हणाली, "चिठ्ठीच्या मागे लिहिलंय की! वर्ग नको म्हटला की बाईंनी दर आठवड्याला घरी यायचं. पत्रिका द्यायची आणि दारात उभं राहून अभ्यास घ्यायचा. कलम चार! मी सगळ्यांना फोन करून सांगितलं."

मी आत धावलो. परिपत्रक काढलं. कलम चार. 'स्थगित वर्गाच्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याकडे योग्य अंतर राखून प्रत्यक्ष भेट द्यावी.' ज्या कागदाची पाठ वाया जाऊ नये म्हणून मी चिठ्ठ्या केल्या, त्याचं तोंड मी वाचलंच नव्हतं. तिसरीच्या पोरांनी वाचलं होतं. आणि अवघड शब्दांना अडून, जोडाक्षरं सोडवून वाचलं होतं, म्हणजे ऑनलाइन शिक्षणाचा काडीचा उपयोग होत नाही हे मतही खोटंच निघालं.

बाहेर आलो तेव्हा बायको पदराने चष्मा पुसत होती. काच स्वच्छ होती.

"मग चौऱ्याण्णव टक्के समाधानी कोण होतं?" नानांनी खालून विचारलं. बोट वर होतंच.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोन्ही इमारतींच्या साक्षीने, कठड्याला धरून, मी सांगितलं की मथळे मी बदलले. का बदलले तेही सांगितलं. कोणी हसलं नाही, हे त्या लोकांचे उपकार. नानासुद्धा वही मिटून एवढंच म्हणाले, "हरकत नाही." त्यांच्या तोंडून ते दोन शब्द वसाहतीत पहिल्यांदाच ऐकले गेले.

साहेबांना फोन केला.

"मथळे उलटे पडले? तुमच्याकडून?" साहेब म्हणाले. "तीस वर्षांत तुमची एक चूक नाही."

"साठवून ठेवली होती, साहेब."

साहेबांनी बरंच काही ऐकवलं. ते इथे देत नाही. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी 'आकड्यांकडे भावनेने पाहतात' असा शेरा मारला, एवढं मात्र नमूद करतो. बायकोने मला त्याबद्दल एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. रात्रीच्या जेवणात फक्त एक पोळी जास्त वाढली आणि म्हणाली, "मूर्ख आहात."

बाई दारात येणार हे कळल्यावर फेरमतदान आयांनीही मागितलं नाही, आणि सोमवारी तिसरीचा ऑनलाइन वर्ग तूर्त स्थगित झाला. सकाळी दहाला बायको कपाटातली चांगली साडी नेसून, मास्क लावून, बटणांचा दोरा गळ्यात अडकवून निघाली. मागे मी, दोन्ही हातांवर पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. पहिलं दार उघडलं. दारात एक पोरगा, नाकापासून हनुवटीपर्यंत मास्कमध्ये. मी नाव विचारायला तोंड उघडलं, तर बायकोने त्याला नावाने हाक मारली. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्यात तेच. एकाही पोराला तिने नाव विचारलं नाही.

"तू ओळखतेस कशी?" मी जिन्यात विचारलं. "शाळा बंद झाल्यापासून एकदाही समोर आली नाहीत ही तुझ्या, आणि निम्मं तोंड झाकलेलं."

"वरचंच निम्मं रोज बघते," ती म्हणाली. "एकालाही फोन सरळ धरता येत नाही. मला कपाळं पाठ आहेत सगळ्यांची."

दुसऱ्या मजल्यावर चिमटी दार उघडून तयारच होती. तिने बाईंकडे पाहिलं. डोक्यापासून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग आत वळून जोरात ओरडली, "आई! बाईंना पाय आहेत!"

"आहेत ना," बायको म्हणाली, आणि साडी किंचित उचलून, निवृत्तीला चार महिने राहिलेली ती बाई दारात एका पायावर उभी राहिली. "मोज बरं, किती?" ती डुगडुगली. मी घाबरून गठ्ठ्यासकट पुढे झालो, "एक, दोन..."

"तुम्ही नका मोजू," ती म्हणाली. "तुम्ही नुसते कागद धरा."